दोन गाद्या, एक कळफलक

एका टेबलावर दोन संगणक मांडून त्या दोघांना मिळून एकच कळफलक आणि एकच माउस देण्याची व्यवस्था सर्वसाधारणपणे काटकसरीच्या सदरात टाकली जाते. तथापि तिच्यातील खरा प्रश्न पैशांचा नसून हद्दीचा आहे, आणि हद्दीच्या प्रश्नांचा कोल्हापूरला अनुभव जुना आहे. साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी यांच्यात १३ एप्रिल १७३१ रोजी जो वारणेचा तह झाला, त्याने एका घराण्याच्या दोन गाद्या मान्य केल्या, वारणेचे पात्र ही सीमा ठरवली, आणि एकाकडून उठून आलेले चाकर दुसऱ्याने ठेवून घेऊ नयेत अशी अटही घातली. सामाईक कळफलक हा या अटीचा राजरोस भंग करणारा चाकर होय, कारण तो दोन्ही दरबारांत हजेरी लावतो आणि पगार मात्र कुणाकडूनच घेत नाही.

असे दोन दरबार एका टेबलावर का नांदतात, हे समजण्यासाठी शहरातील एखादे डीटीपीचे दुकान, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईसाठी पाने लावून देणारे दुकान, पाहणे पुरेसे आहे. तेथील जुन्या संगणकावर युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्ट, त्या फॉन्टच्या परवान्याची खूण म्हणून मागील बाजूस खोचलेले ‘डोंगल’ नावाचे बोटभर कुलूप, आणि पतसंस्थांच्या अहवालांपासून कुस्त्यांच्या मैदानाच्या पोस्टरपर्यंतच्या कैक वर्षांच्या फाइली असतात, तर नव्या संगणकावर जीएसटीची बिले, ईमेल आणि युनिकोड मराठी असते. जुना काढता येत नाही आणि नव्यावाचून चालत नाही. टेबलाची रुंदी मात्र दोन्ही परिस्थितींत तेवढीच राहते, आणि दोन कळफलक ठेवल्यास चहाचा कप ठेवण्यास जागा उरत नाही, ही अडचण तांत्रिक ग्रंथांत क्वचितच नोंदवली जाते.

यावरील जुना उपाय म्हणजे ‘केव्हीएम स्विच’. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली ही एक छोटी पेटी असून तिला एका बाजूने कळफलक, माउस व पडदा आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही संगणक जोडलेले असतात; बटण दाबले की खट्ट असा आवाज होतो, एक दिवा विझतो, दुसरा लागतो, आणि सत्तांतर पूर्ण होते. काही पेट्यांत बटणाऐवजी ‘स्क्रोल लॉक’ ही कळ दोनदा दाबूनही हे साधते, आणि उभी हयात कळफलकाच्या कोपऱ्यात बिनकामाची बसून काढलेल्या त्या कळीला अशा रीतीने उतारवयात का होईना नोकरी लागते.

या पेटीच्या पोटातील खरी हुशारी तिच्या खोटेपणात आहे. जुने संगणक सुरू होताना कळफलक जागेवर आहे की नाही याची हजेरी घेत, आणि तो न सापडल्यास पडद्यावर त्या अर्थाची सूचना देऊन पुढे जाण्यासाठी ‘एफ-वन’ ही कळ दाबण्यास सांगत. नसलेल्या कळफलकावरील कळ कशी दाबावी याचा खुलासा त्या सूचनेत नसे. म्हणून चांगली पेटी ज्या संगणकाकडे कळफलक वळलेला नाही त्यालाही ‘कळफलक येथेच आहे’ असे खोटे संदेश पुरवीत राहते, ज्यास तांत्रिक भाषेत ‘इम्युलेशन’ म्हणतात आणि दरबारी भाषेत दुटप्पीपणा म्हणता येईल. स्वस्त पेटी एवढी मुत्सद्दी नसते. ती यूएसबीची जोडणी सरळ तोडते, त्यामुळे प्रत्येक सत्तांतराच्या वेळी एक संगणक चाकर गेल्याचा आणि दुसरा चाकर आल्याचा टुणकन आवाज काढतो.

दुसरा उपाय पेटीविना होतो. २००१ मध्ये आलेली ‘सिनर्जी’ ही प्रणाली, मायक्रोसॉफ्टमधील एका हौशी उपक्रमातून २०११ मध्ये निघालेली ‘माउस विदाउट बॉर्डर्स’, आणि ॲपलने २०२२ मध्ये मॅकवर आणलेली ‘युनिव्हर्सल कंट्रोल’ यांचे तत्त्व एकच आहे: कळफलक व माउस एकाच संगणकाला जोडलेले असतात आणि तो त्यांच्या हालचाली नेटवर्कवरून दुसऱ्याला कळवतो, त्यामुळे माउसचा बाण एका पडद्याच्या कडेवरून निघून शेजारच्या पडद्यावर प्रकट होतो. त्यासाठी कोणता संगणक डावीकडे व कोणता उजवीकडे आहे हे प्रणालीला आधी सांगावे लागते, आणि ते उलट सांगितले गेल्यास बाण साताऱ्याकडे ढकलला असता कागलात उगवतो. (डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस प्रथम जाहीरपणे दाखवला, तेव्हा त्या प्रात्यक्षिकात एकाच पडद्यावर दोन माणसांचे दोन बाण फिरत होते, म्हणजे वाटणीचा तंटा माउसच्या बारशापासूनचाच आहे, फक्त त्या वेळी तो उलट्या बाजूने होता.)

या दुसऱ्या उपायाचा मोह मोठा असला तरी त्याचा दोष असा की त्यात वारणा दिसत नाही. पेटीचा दिवा सत्ता कोणाकडे आहे ते सांगतो. येथे बाण कोठे आहे हे डोळ्यांनी शोधावे लागते, आणि डोळे तर समोरच्या कच्च्या हस्तलिखितावर असतात. परिणामी डाव्या संगणकावर लग्नपत्रिका जुळवणारा ऑपरेटर ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ पूर्ण एकाग्रतेने उजव्या संगणकावरील बिलात ‘मालाचे वर्णन’ या रकान्यात टाइप करतो, आणि पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्यात तांबड्याची पळी बुडावी तसा दोन्ही व्यवहारांचा रंग जातो. एंटर दाबल्यावर मान वर करून तो जे उद्गारतो, त्यातील छापण्याजोगा भाग ‘आयला, इस्कोट झाला की रं भावा’ एवढाच असतो.

यात मराठीची आणखी एक गुंतागुंत आहे. कोणती भाषा चालू आहे हे कळफलकाला ठाऊक नसते, ते संगणकाला ठाऊक असते. सबब इनस्क्रिप्ट या प्रमाण मांडणीत ‘के’च्या कळीवर ‘क’ उमटवणारा हात हद्द ओलांडताच टाइपरायटरच्या जुन्या मांडणीत शिरतो आणि भलतेच अक्षर उमटते. दोन्ही मांडण्या बोटांत मुरलेला ऑपरेटर हा या शहरातील खरा द्विभाषिक होय, मात्र त्याची नोंद कोणत्याही जनगणनेत होत नाही. एका संगणकावर कॉपी करून दुसऱ्यावर पेस्ट करण्याची जी सोय या प्रणाली देतात, तीही येथे फसवी ठरते, कारण जुन्या फॉन्टमधील मराठी ही संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. रोमन अक्षरांच्या जागांवर तिचे आकार बसवलेले असतात, आणि म्हणून ‘चि. सौ. कां.’ हद्दीपलीकडे पोहोचते ती स्वल्पविराम, डॉलर आणि कंसांच्या वऱ्हाडासह.

या सर्वांचा विचार करता डीटीपीच्या दुकानासाठी, आणि शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या जुन्या यंत्राला जुन्याच संगणकावरून प्रोग्रॅम पाठवणाऱ्या कारखानदारासाठीही, बटणाची पेटीच योग्य ठरते. कारण असा जुना संगणक सुरक्षेसाठी बहुधा नेटवर्कपासून मुद्दाम दूर ठेवलेला असतो आणि नेटवर्काविना या प्रणाली चालत नाहीत. दोन्ही संगणक नवे, नेटवर्कवरचे आणि पडदे शेजारी असतील त्यांनी प्रणाली खुशाल वापरावी, मात्र काटकसरीच्या भरात दुसरा कळफलक भंगारवाल्याला देऊ नये. एका कळफलकावर दोन संगणक चालवणारी ही प्रणाली दुसऱ्या संगणकावर प्रथम बसवण्यासाठी त्या दुसऱ्या कळफलकाचीच गरज पडते.