फर्स्ट सेम पार पाडण्याची प्रोसिजर

हे मार्गदर्शन करण्याचा माझा अधिकार आधी सांगते. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सत्रात आहे, म्हणजे पहिलं पास झाले आहे. आमच्या हॉस्टेलवर एवढ्या भांडवलावर मुली ज्युनिअरना लग्नापर्यंतचे सल्ले देतात. मी तर एकाच सत्रापुरती बोलते आहे.

नर्सिंगमध्ये जे काही कराल ती प्रोसिजर असते. ताप बघणं ही प्रोसिजर, पेशंटचे केस विंचरणं हीसुद्धा. आणि प्रत्येक प्रोसिजर वहीत ठरलेल्या मथळ्यांखाली उतरवायची असते. एक मथळा राहिला तरी मॅडम सही न करता वही परत सरकवतात. तेव्हा मीही त्याच शिस्तीत लिहिते.

व्याख्या

पहिलं सत्र म्हणजे चार वर्षांच्या आठ तुकड्यांतला पहिला. पूर्वी वर्षाची परीक्षा असायची. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि वर्षातून एकदा पोटात येणारा गोळा दोनदा यायला लागला. या तुकड्यात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, कम्युनिकेटिव्ह इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशन असे विषय येतात. पहिले पाच बसून शिकायचे, शेवटचा उभ्याने.

उद्देश

रुग्णसेवा. नीटला किती पडले, हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नये.

साहित्य

इस्त्रीचा युनिफॉर्म, केसांचा बन आणि त्यावर जाळी, कापलेली नखं, निळं पेन, लाल पेन, खिशात मावेल अशी डायरी. सेकंदकाटा असलेलं घड्याळ हवंच. स्मार्टवॉच घेऊन गेलात तर ते काढायला लावतील आणि नाडी मोजायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही. माझ्याकडे बाबांचं जुनं एचएमटी आहे. त्याला रोज चावी द्यावी लागते, पण सेकंदकाटा कसा ठणठणीत चालतो.

पुस्तकं दोन. शरीरासाठी रॉस अँड विल्सन, फाउंडेशनसाठी पॉटर अँड पेरी. दुसऱ्याचा उपयोग हॉस्टेलवर दार उघडं ठेवायलाही होतो.

पाठांतरासाठी सीनिअर मुली इंग्रजी वाक्यं देतील, त्यातली बरीचशी मॅडमसमोर म्हणण्यासारखी नसतात. मनगटाच्या आठ हाडांसाठी मी घरगुती वाक्य बनवलं, ते फुकट देते : ‘सासूने लाडू ट्रेमध्ये पिशवीसकट टाकले, टाकून काय हसली!’ स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. व्हायवाला मी सासूपर्यंत बरोबर गेले आणि लाडवाशी हसू फुटलं. उरलेली 198 हाडं तुमची तुम्ही बघा.

कृती

सुरुवात हात धुण्यापासून. गेली अठरा वर्षं तुम्ही हात धुताय हा तुमचा गैरसमज आहे. तळव्यावर तळवा, पंजाच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, मग अंगठा, मग नखांची टोकं, असं करत सगळ्याला 40 ते 60 सेकंद लागले पाहिजेत. नळ कोपराने बंद करायचा. हॉस्टेलचा नळ कोपराने बंद होत नाही. तो हातानेही होत नाही.

मग बेड. पहिले काही आठवडे तुम्ही माणसाला हात लावणार नाही, पलंगाला लावाल. चादर झटकायची नाही, त्याने जंतू उडतात. कोपरा पाकिटासारखा दुमडायचा. उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला. ओपन बेड, क्लोज्ड बेड, ऑपरेशनहून येणाऱ्याचा वेगळा बेड, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पेशंट झोपलेला असताना त्याच्याखालची चादर बदलायची, तो ऑक्युपाइड बेड. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण ज्याने केली त्याने सरकारी पलंग पाहिलेला नव्हता. सहा फुटी गडी त्यावर आडवा झाला की पाय दांड्यातून पुढच्या पेशंटच्या हद्दीत जातात आणि तुमचा सुंदर कोपरा पहिल्याच लाथेला सुटतो.

आता नाडी. इथे माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. पहिल्या दिवशी मी एका काकूंचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, मिनिटभर मनापासून मोजलं आणि चार्टवर लिहिलं 112. मॅडमनी मोजली तर 76. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी अंगठ्याने धरलं होतं, आणि अंगठ्यात आपलीच नाडी लागते. ते 112 काकूंचे नव्हते, माझे होते. काकूंनीच विचारलं, ‘पोरी, पाणी पितेस का?’ तर अंगठा नको. तर्जनी, मधलं आणि करंगळीशेजारचं, अशी तीन बोटं.

श्वास मोजणं म्हणजे चोरी आहे, आणि ती शिकवून करून घेतात. ‘तुमचा श्वास मोजते हं’ म्हटलं की माणसाचा श्वास लगेच बदलतो. कुणी दीर्घ घेतं, कुणी रोखून धरतं, एका मामांनी तर प्राणायाम सुरू केला. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर हळूच छातीवर न्यायची आणि गप्प मोजायचं. प्रत्येक प्रोसिजर पेशंटला समजावून सांगा, असं घोकून घेणाऱ्या पुस्तकात एवढी एकच लबाडी मंजूर आहे.

बीपीबद्दल फार बोलत नाही. स्टेथोस्कोप कानात घालून पहिल्यांदा काहीही ऐकू येत नाही. कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनने 1905 मध्ये सांगितलेले ते आवाज त्याला एकट्यालाच ऐकू आले असावेत, असं वाटतं. त्यामुळे फर्स्ट सेममध्ये अख्ख्या वॉर्डाचं बीपी 120/80 असतं. माझ्या एका मैत्रिणीला हे फार सरळ वाटलं, म्हणून तिने 117/73 लिहिलं. पाऱ्याच्या आणि काट्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनने असतात, विषम आकडा तिथे मिळतच नाही. तिला दिवसभर वॉर्डातल्या प्रत्येकाचं बीपी घ्यायला लावलं. आज आमच्यात सगळ्यांत चांगलं बीपी तीच घेते. तेव्हा खोटं बोलायचं असेल तर विषम बोला, म्हणजे शिकाल.

वॉर्डात कुणाला काय म्हणायचं? सरकारी कागदावर अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी झोकदार पदं आहेत. तोंडी त्यांचं स्टाफ, इनचार्ज सिस्टर आणि मेट्रन होतं. वॉर्डबॉय मामा, आया मावशी. यांतल्या मावशींना जपा. माझ्या हातून बोळा लाल पिशवीत पडला तेव्हा मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडल्या. रक्ताचा कापूस पिवळ्यात, प्लॅस्टिकच्या नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. मला हे पाठ करायला आठवडा लागला होता, त्यांना ते झोपेतही येतं. परीक्षेत त्यांनाच बसवायला हवं.

तुम्ही मुलगा असाल तर पेशंट पहिल्या दिवसापासून तुम्हाला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतील. आमच्या वर्गातल्या मुलांनी चार-पाच वेळा ‘मी ब्रदर आहे’ असं सांगून पाहिलं आणि मग मोठेपणा मुकाट्याने स्वीकारला. मुलगी असाल तर ‘ए बाई’. तीस वर्षं नोकरी केलेल्या सिस्टरलाही तेच, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

चक्कर येणारच. मला ड्रेसिंग बघताना आली. येते आहे असं वाटलं की मागे भिंतीकडे सरका, पुढे स्टराइल ट्रेवर पडू नका. तुम्हाला उचलायला दोन माणसं लागतात, पण ट्रे पुन्हा लावायला अर्धा तास जातो, आणि सिस्टरना जास्त दुःख कशाचं होईल ते सांगायला नको. आडवं करून पाय उंच ठेवतील. प्रथमोपचाराचं प्रकरण याच सत्रात आहे, प्रात्यक्षिकाची सोय तुमच्यापासूनच होते.

लॅम्प लाइटिंगला आई-बाबा येतील. आई रडेल. तुम्ही हातात दिवा घेऊन नाइटिंगेलबाईंच्या नावाची शपथ घ्याल. ती शपथ त्यांनी लिहिलेली नाही, 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटरबाईंच्या समितीने केली. स्कुतारीच्या इस्पितळात नाइटिंगेलबाईंच्या हातात असायचा तो दिवाही असा अल्लादिनछाप नव्हता, मिटणारा तुर्की कंदील होता. हे मी ट्युटरना सांगायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आधी रांगेत उभी राहा.’ नर्सिंगच्या पुस्तकांत 1891 मध्ये मुंबईत शिकायला आलेल्या पहिल्या भारतीय नर्सचंही नाव सापडतं : बाई काशीबाई गणपत. एका ओळीत. तिच्या नावाचा दिवा कुणी लावत नाही. माझ्या दिव्यातल्या मेणबत्तीचं मेण बोटावर सांडलं तेव्हा मी नळाखाली हात धरून तिचाच विचार करत होते. काशीबाईला पेशंटची भाषा तरी पहिल्या दिवसापासून येत असणार.

कारण खरी अडचण तिथे आहे. वॉर्डात उच्चारायला सर्वांत अवघड वाक्य कुठलंही लॅटिन नाव नसून ‘आजोबा, संडासला झाली का?’ हे आहे. मी पहिल्यांदा इतक्या हळू विचारलं की आजोबा म्हणाले, ‘हो, जेवण झालं.’ दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज इतका वर गेला की पलीकडच्या तीन पलंगांवरून उत्तरं आली.

हे पलंग क्रमांक 14 चे आजोबा. पाय सुजलेला, वर पट्टी. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाले, दुखतंय. मी डायरीत झोकात लिहिलं, ‘पेन प्रेझेंट’. कम्युनिकेटिव्ह इंग्लिशमध्ये मला बरे मार्क होते. इनचार्ज सिस्टरनी वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘कसलं?’ मला कळेना. दुखणं ते दुखणं. परत गेले.

‘काल ठणकत होतं,’ आजोबा म्हणाले. ‘आज ठसठसतंय.’

मी तसं येऊन सांगितलं. सिस्टरनी हातातलं पेन ठेवलं, उठल्या आणि डॉक्टरांना बोलावून घेतलं. पट्टी सोडली तर आत पू झाला होता. ‘ते बोलले तेच शब्द लिहायचे,’ सिस्टर म्हणाल्या. ‘तुझे नाही.’ हे पुस्तकातही होतं. पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत. मी ते परीक्षेत बरोबर लिहिलं असतं.

त्या दिवसापासून डायरीच्या मागच्या पानांवर मी यादी करते आहे. कळ येते आणि जाते, ठणका बसून राहतो. चमक एका क्षणाची असते. मुरडा पोटातला, जळजळ छातीतली, मुंग्या हातापायांतल्या. रग लागते, पेटका येतो. ‘कणकण’ म्हणजे ताप अजून थर्मामीटरला कळलेला नाही पण माणसाला कळला आहे. एक आजी ‘ढाळ लागलीत’ म्हणाल्या आणि शहरातली माझी मैत्रीण त्यांचे केस बघायला लागली, गळताहेत असं समजून. जुलाब होत होते. ‘कसंतरीच होतंय’ असं कुणी म्हटलं तर हसू नका, खुर्ची ओढून बसा आणि नाडी धरा. तीन बोटांनी. असं म्हणणाऱ्यांत खरंच काहीतरी होत असलेले बरेच असतात, हे मला सिस्टरनीच सांगितलं. कम्युनिकेटिव्ह इंग्लिशच्या जोडीला या शब्दांचा एखादा पेपर हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. तो 80 मार्कांचा ठेवला तरी यादी संपायची नाही.

नंतरची काळजी

ही घरी घ्यायची. मी संक्रांतीला गेले तर तिळगुळाआधी फायली आल्या. शेजारच्या काकांचा एक्स-रे, मावशींची शुगर, कुणाच्या तरी जावयाचा एमआरआय. त्या वेळी मला खात्रीने येणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, हात धुणं आणि बेड लावणं. मी एक्स-रे उजेडात धरला, गंभीर चेहरा केला आणि म्हटलं, ‘डॉक्टरांना दाखवा.’ काका म्हणाले, ‘मग तू काय शिकतेस?’ प्रश्न रास्त होता.

आई गोधडी झटकत होती. मी म्हटलं, झटकू नकोस, जंतू उडतात. ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘अठरा वर्षांत स्वतःच्या अंथरुणाची घडी घातली नाहीस.’ मग मी घातली, चारही कोपरे दुमडून. आजीला ती इतकी आवडली की ती त्या रात्री खुर्चीत बसून राहिली, मोडेल म्हणून.

नोंद

पलंग क्रमांक 14 च्या आजोबांना नवव्या दिवशी घरी सोडलं. जाताना त्यांनी स्वतःहून सांगितलं, ‘झाली.’ मी चार्टवर लिहिलं. सत्रातल्या बाकी सगळ्या प्रोसिजरवर मॅडमची सही मिळाली, फक्त ऑक्युपाइड बेडची राहिली आहे. खालच्या उजव्या कोपऱ्याला अजून चुणी पडते.