अडीच ग्रॅमची हाव

घरदार विकून आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला गेलेल्या अमेरिकन माणसांकडे आपण उगाचच आदराने पाहतो. सोफा विकला, जेवणाचं टेबल विकलं, मुलांनी शाळेत मिळवलेल्या ढाली मुलांच्याच गळ्यात मारल्या आणि साडेआठ फूट रुंदीच्या डब्यात संसार मांडला, की माणूस निम्मा संन्यासी झाला असं वाटतं. हा निम्मा संन्यासी पहिल्याच प्रेक्षणीय स्थळी दुकानात शिरतो आणि विचारतो, “यापेक्षा लहान काही आहे का?” माझं म्हणणं एवढंच, की जागा कमी झाल्याने जमवण्याची हाव कमी होत नाही. ती फक्त नेटकी होते. ‘आठवणीच्या वस्तू घ्या, पण लहान घ्या’ हा आरव्हीवाल्यांचा लाडका सल्ला आहे आणि तो वाईटही नाही. फक्त तो वस्तूचं माप घेतो, माणसाचं घेत नाही. अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये ‘रोसिनान्ते’ नावाची कॅम्पर गाडी आणि चार्ली नावाचा कुत्रा घेऊन अमेरिका पाहायला निघाला, तेव्हा त्याने सोबत न वाचलेल्या पुस्तकांचं भलं मोठं ओझं भरून घेतलं होतं. निघतानाच ही तऱ्हा, तर वाटेत भेटणाऱ्या दुकानांनी कुणाला का सोडावं?

मुळात आरव्हीत खरी टंचाई जागेपेक्षा वजनाची असते. मोटरहोममध्ये एका पट्टीवर लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक आकड्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे या घरात मालकही सामानातच मोडतो. आकडा ओलांडला की टायर तापतात, ब्रेक उशिरा लागतात. यावर कुणी म्हणेल, चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की दीडशे किलो होतात, तिथे फ्रिजवर लावायच्या तीस ग्रॅमच्या मॅग्नेटची कसली चौकशी? मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. पाणी वापरलं जातं, सांडपाण्याच्या टाकीत जातं आणि एक दिवस नळी लावून सोडूनही देता येतं. मॅग्नेटला अशी नळी लावायची सोय नाही. शिवाय एअरस्ट्रीम ट्रेलरच्या त्या देखण्या चकचकीत भिंती अॅल्युमिनियमच्या, आणि आरव्हीतल्या कित्येक फ्रिजच्या दारांवर लाकडी किंवा अॅक्रिलिकचे तक्ते. म्हणजे एवढी लोकप्रिय आठवणवस्तू या घरात चिकटतच नाही. ती ड्रॉवरमध्ये पडून राहते आणि वळणावर खडखडते.

मग शहाणी माणसं दाबलेल्या पेनीकडे वळतात. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापासून अमेरिकेत हा खेळ चालत आला आहे. यंत्राला एक मोठं चाक असतं. पूर्वापार हिशेब असा, की पंचवीस सेंटची दोन नाणी यंत्राची मजुरी आणि एक सेंटची पेनी हा कच्चा माल. चाक फिरवताना आतली दातेरी चाकं दिसतात, हाताला थोडा जोर लागतो आणि खाली लांबोळकं, किंचित कोमट नाणं पडतं. पेनीवरचा लिंकन नाहीसा होऊन तिथे अस्वल किंवा धबधबा आलेला असतो. नीट निरखलं तर अस्वलाच्या पाठीत कधी कधी लिंकनची पुसट हनुवटी सापडते. फसवणुकीचा हेतू नसेल तर सरकारचीही हरकत नाही. वजन अडीच ग्रॅम! याहून सोज्ज्वळ छंद कुठला? पण १९८२ पासून पेनीच्या पोटात जस्त आलं आणि वर तांब्याचा नुसता मुलामा उरला. दाबली की जस्ताचे करडे ओरखडे दिसतात, आणि संग्राहकाच्या काळजाला ते लागतात. म्हणून तो १९८२ च्या आधीच्या तांब्याच्या पेन्या शोधून, घासून, पुड्या बांधून बाळगतो. आता २०२५ मध्ये चलनासाठी नव्या पेन्या पाडणंच बंद झालं, तेव्हा या पुड्यांना साठेबाजीचं तेजही आलं असणार. इवल्याशा आठवणीसाठी किलोभर कच्चा माल: याला काटकसर म्हणायचं असेल तर म्हणावं.

पंचवीस सेंटच्या नाण्यांची गोष्ट त्याहून मजेदार. १९९९ ते २००८ या काळात टांकसाळीने वर्षाला पाच अशी पन्नास राज्यांची पन्नास नाणी काढली. दुकानातल्या सुट्या पैशांत आपोआप मिळणारी आठवण, आणि पन्नासच्या पन्नास मिळून पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम. पण कॅम्पग्राउंडवरची कपडे धुण्याची यंत्रं बहुधा हीच नाणी मागतात. तेव्हा स्वच्छ चादर की संपूर्ण मिडवेस्ट, असा पेच पडतो, आणि त्यात साधारणपणे नेब्रास्काचा बळी जातो.

या सगळ्यांवर तोड म्हणजे राष्ट्रीय उद्यानांचा पासपोर्ट. १९८६ मध्ये निघालेली ही खिशात मावणारी वही. उद्यानाच्या माहिती केंद्रात जायचं, टेबलावरचा शिक्का शाईत बुडवायचा, ठिकाणाचं नाव आणि तारीख वहीत उमटवायची. वही विकत, शिक्का फुकट, वजन शून्य. इथे माझा सिद्धान्त कोसळायला हवा होता. पण राष्ट्रीय उद्यान सेवेकडे चारशेहून अधिक ठिकाणं आहेत, आणि एकाच उद्यानात दोन-तीन केंद्रं असली तर शिक्केही वेगळे असू शकतात. मोठं मोटरहोम लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर जातं. कुठल्या तरी जुन्या किल्ल्याच्या शिक्क्यासाठी शंभर किलोमीटरचा वळसा घेतला, की वीसेक किलो पेट्रोल जळालं. बिचारं मॅग्नेट तीस ग्रॅमचं होतं! आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत यात्रेकरूचं नावगाव लिहिलं जातं आणि वही तिथेच राहते; यात्रेकरू मोकळ्या हाताने एसटीत बसतो. अमेरिकेने वही यात्रेकरूच्याच हातात दिली, आणि हातातली कोरी पानं माणसाला स्वस्थ बसू देत नाहीत.

तर मग फोटो काढावेत, हा पुढचा आक्षेप. फोनमध्ये दहा हजार फोटो मावतात, पेट्रोल लागत नाही, खडखडत नाहीत. मावतात हीच तर अडचण आहे. फोटोला ‘नाही’ म्हणावं लागत नाही, म्हणून तो साठा होतो, संग्रह होत नाही. संग्रहाला काहीतरी नियम लागतो, आणि नियम पाळताना थोडं चडफडावं लागतं. दगड फुकट असतात म्हणून ते उचलणाऱ्यांनाही हेच सांगावं लागेल. अॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये झाडांचे रंगीत दगड झालेले आहेत. तिथला तुकडा उचलणं बेकायदा, तरी लोक उचलतात. मग नोकरी जाते, कुत्रं आजारी पडतं, लग्न मोडतं आणि दगड माफीपत्रासह टपालाने परत येतो. तो नेमका कुठून उचलला हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीने तो जागेवर ठेवता येत नाही. असे परत आलेले दगड एका बाजूला ढिगात टाकतात, आणि त्या ढिगाला तिथे सदसद्विवेकाचा ढीग म्हणतात. पुढच्या नोकरीचं काय झालं, ते मात्र कुणी कळवत नाही.

नियम म्हणजे काय ते पाहायचं तर आरव्हीच्या दारावरचा नकाशा पाहावा. त्यावर लावायचे पन्नास राज्यांचे स्टिकर एकाच पाकिटात विकत मिळतात. म्हणजे संग्रह पहिल्या दिवशीच पुरा! पण एकही लगेच लावायचा नसतो; त्या राज्यात जाऊन आल्यावरच लावायचा. राज्यातून नुसती गाडी गेली तर चालेल का? विमानतळावर कॉफी घेतली तर? गॅस स्टेशनवर अर्धा तास भांडण केलं तर? कित्येकजण म्हणतात, एक रात्र मुक्काम पाहिजे. हा कायदा कुणी केलेला नाही, त्याला दंड नाही, शेजारी तपासायला येत नाही. तरी भली माणसं डेलावेअरसाठी मुद्दाम रात्र काढतात. मला या छंदात हीच एक गोष्ट खरोखर आवडते, वजन आणि पेट्रोल धरूनसुद्धा. अलास्काही जमतं, कारण कॅनडातून रस्ता आहे. राहतं हवाई. तिथे चाकांवरचं घर रस्त्याने जाऊ शकत नाही. विमानाने जाऊन, आठवडाभर हॉटेलात राहून, तो शेवटचा स्टिकर लावणारे पुष्कळ आहेत. कट्टर मंडळी त्यांचं ऐकून घेतात आणि शांतपणे विचारतात, “तुम्ही झोपलात हो तिथे, पण घर झोपलं का?”