तीन पक्षी शॉर्ट

मी बँकेत 34 वर्षं कॅशियर होतो. त्यामुळे सप्टेंबरात न्यू जर्सीला लेकीकडे असताना जावई म्हणाले, "बाबा, उद्या पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटनला जाऊ, तिथे शिकारी पक्षी मोजतात," तेव्हा मी एवढंच विचारलं, "मोजून कुणाला देतात?"

"कुणालाच नाही. ते उडून जातात."

असलं खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

हिची तक्रार वेगळीच. पितृपक्ष चालू होता. "पुण्यात एक कावळा शिवावा म्हणून तास तास आभाळाकडे बघत बसता, आता घारी बघायला परदेशात डोंगर चढा!" असं म्हणत तिनं धपाटे बांधायला घेतले, म्हणजे ती येणार होती.

मैलभर खडकाळ वाट चढून आम्ही नॉर्थ लुकआउटवर पोचलो. तिथे नुसते दगड. त्यांवर उशा घालून बसलेली माणसं आणि सगळ्यांच्या माना वर. एका काठीवर खोटं घुबड टांगलेलं. त्याच्यावर चिडून ससाणे जवळ येतात म्हणे. मधोमध मोजणीची अधिकृत मुलगी, हातात खटक्याचा काउंटर. जावयांनी मलाही एक काउंटर आणला होता.

पाचव्या मिनिटाला मी ओरडलो, "गरुड!" शेजारचे आजोबा दुर्बीणही न उचलता म्हणाले, "टर्की व्हल्चर." म्हणजे गिधाड. मग त्यांनी मला शिकवलं. गरुडाचे पंख फळीसारखे सपाट. गिधाडाचे इंग्रजी व्हीसारखे वर, आणि चाल वरातीतल्या मामासारखी, या अंगावरून त्या अंगावर. तेव्हापासून मी तोंड मिटून फक्त खटका दाबायचं ठरवलं.

अकराच्या सुमारास कुणीतरी ओरडलं, "केटल!" ही पदर सावरून बसली. तिला वाटलं, चहा आला.

चहा नव्हता, ब्रॉडविंग हॉक होते. ऊन तापलं की गरम हवेचा झोत वर चढतो. त्यात शिरून शे-दोनशे पक्षी पंख न हलवता गरगर फिरत वर जातात. खालून बघितलं तर उकळत्या किटलीसारखं, म्हणून केटल. त्यांना गाठायची असते थेट मध्य आणि दक्षिण अमेरिका. तिथवर पंख मारत कोण जाणार? त्यापेक्षा फुकटची लिफ्ट बरी. मी भराभर मोजायला लागलो, पण चाळिसाव्याला संशय आला, हा तर मघाचाच सातवा! मोजणीवाली मुलगी हसून म्हणाली, "आत फिरताहेत तोवर मोजू नका. वरून बाहेर पडतील तेव्हा मोजा." आणि खरंच, वर पोचलेला एकेक पक्षी पंख ताणून एकामागोमाग एक दक्षिणेकडे घसरू लागला. 34 वर्षं मी काचेआडून "रांगेत या, रांगेत या" म्हणून घसा बसवला. इथे न सांगता रांग लागली होती आणि एकही जण मध्ये घुसत नव्हता.

धपाटे खाताना जावयांनी इतिहास सांगितला. एकेकाळी याच दगडांवर लोक बंदुका घेऊन बसत. 1929 पासून राज्याचं शिकार खातं गॉसहॉक जातीच्या एका मेलेल्या पक्ष्यामागे पाच डॉलर रोख मोजायचं. 1934 साली रोझली एज नावाच्या बाईंनी हा डोंगरच भाड्यानं घेतला आणि मॉरिस ब्राऊन यांना राखणीला बसवलं. राखण करता करता ते येणारे-जाणारे पक्षी लिहू लागले. महायुद्धाचा खंड सोडला, तर ती वही अजून चालू आहे.

"पण उपयोग काय?" मी कॅशियरी हट्ट सोडला नाही.

"लेखिका रेचेल कार्सननी डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लिहिलं, तेव्हा हीच वही कामी आली. 1957 साली 32 मोठ्या गरुडांमागे पिल्लू एकच दिसलं होतं."

हे मात्र मला लगेच कळलं. आमच्या शाखेतही एक वर्ष असं होतं की निवृत्त होणारे बारा आणि नवी भरती शून्य. ते आकडे बघून शाखा बंद होणार हे मी शिपायालाही सांगितलं होतं. रोजचं कॅशबुक रोज लिहिलं नसतं, तर गरुडांची शाखा रिकामी होतेय हे कुणाला कळलं असतं?

संध्याकाळी मी मोजणीवाल्या मुलीच्या आकड्याशी माझा आकडा ताडून पाहिला. तिचे ब्रॉडविंग 412, माझे 409. तीन पक्षी शॉर्ट! "काही हरकत नाही," ती म्हणाली. हरकत कशी नाही? आमच्याकडे कॅश शॉर्ट आली की कॅशियरच्या खिशातून भरतात.

उतरताना देणगीची पेटी दिसली. तीन पक्षी, जुना सरकारी दर पाच डॉलर, एकूण 15. मी टाकले. हिनं मनातल्या मनात त्यांचे रुपये केले आणि न्यू जर्सी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण त्या दिवसाची कॅश टॅली झाली.