बेवारस कसली? नंबर तर आहे

मुंबईच्या कुठल्याही गल्लीत शिरा, कंपाउंडला टेकून एखादी मेलेली गाडी उभी असतेच. टायर बसलेले, वायपरखाली पाचोळा कुजलेला, मागच्या काचेवर महापालिकेच्या नोटिशीचा अर्धा उरलेला कागद. सफाई कामगाराला झाडू तिला वळसा घालूनच मारावा लागतो. खाली साचतं ते साचतंच.

कायदा कमी पडतोय असं कुणी सांगू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास टाकून दिलेली गाडी गणवेशातला पोलीस उचलायला लावू शकतो, खर्च मालकाच्या माथी. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातलं कलम ३१४ तर याहून कडक. रस्त्यात टाकलेली वस्तू आयुक्त विनानोटीस हटवू शकतात. तरी आधी नोटीस चिकटवायची, मग मुदत, मग यार्ड, मग लिलाव. मुदत जरूर द्या, माणूस आजारी असतो, परगावी असतो. पण नोटीस काचेवर कशासाठी? जो गाडीकडे फिरकतच नाही, तो ती वाचणार कधी? नंबर प्लेटवरून मालकाचं नाव-पत्ता सरकारच्याच ‘वाहन’ प्रणालीत निघतं. सिग्नल तोडला की ई-चलान बरोबर घर शोधतं. मग उचलण्याचा खर्च आणि अडवलेल्या जागेचं भाडं त्याच पत्त्यावर का जात नाही?

मालकांच्या अडचणी खऱ्या आहेत. कर्जाचा बोजा उतरलेला नसतो, वारसांनी नाव बदललेलं नसतं, गाडी विकली तरी कागद जुन्याच नावावर असतात. पण कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवणं कलम ५५ नुसार बंधनकारक आहे. नोंदणीकृत भंगार केंद्रात खासगी गाडी दिली, तर तिथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. वाट आहे, फक्त सार्वजनिक रस्ता फुकट मिळतोय तोवर त्या वाटेला कोण जाईल?

आणि हा नुसता पार्किंगचा प्रश्न नाही. फुटक्या काचेतून पाणी शिरतं, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात साचतं. डेंग्यूचा एडिस डास अशाच पाण्यात वाढतो, आणि त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. घरातल्या कुंडीखालची ताटली तपासायला येणाऱ्या पथकाने या डिक्याही उघडायला लावाव्यात.

नागरिकांकडे बोट दाखवण्याआधी पोलीस ठाण्यांसमोरचे ढीग बघा. जप्त केलेल्या दुचाक्या एकमेकींवर चढून गंजताहेत. मुद्देमाल ठाण्यात असा सडवू नका, फोटो आणि पंचनामा करून गाड्या सोडा, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने तर न्यायालयांना त्यासाठी दिवसही बांधून दिलेत. प्रत्येक ठाण्याने फाटकावर फलक लावावा: किती गाड्या, कधीपासून, कुणाच्या आदेशासाठी अडकल्यात. कामाला सुरुवात तिथूनच व्हावी.