गोपनीय अहवाल

आमचे साहेब दुष्काळी भागातून बदलून आले, तेही ऐन जूनमध्ये. पहिलाच हुकूम सुटला: कार्यालय हवेशीर हवं, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. आता पावसाळ्यात आजऱ्यातल्या उघड्या खिडकीतून नुसती हवा येत नाही; आंबोलीकडचा ढग आत येऊन खुर्चीत बसतो. मी तसं म्हणालो. "नकारात्मक विचार सोडा," साहेब म्हणाले. मी विचार सोडला आणि खिडकी उघडली.

साहेबाशी वाजलं की आजरेकराला कर्ण आठवतो. आठवणारच, 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत १९४० साली इथंच जन्मले. कर्णाचं भांडणही खरं तर गोपनीय अहवालावरूनच झालेलं. युद्धाच्या तोंडावर भीष्मांनी कौरवसेनेत एकेकाची प्रतवारी लावली आणि कर्णाच्या नावापुढं शेरा मारला, 'अर्धरथी'. कर्ण भडकला. हे असेतो शस्त्र धरणार नाही म्हणाला आणि दहा दिवस घरी बसला. बाणेदार माणूस! पण त्याला अंगदेशाचं राज्य होतं, मला पतसंस्थेचा हप्ता आहे. शिवाय आमच्या साहेबांना दहाव्या दिवशी शरपंजरी पाडायला अर्जुन कुठून आणू?

हेडक्लार्कांचा उपाय वेगळा. साहेबांना घरी जेवायला बोलवायचं. आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीही हा भात शिजला की गल्लीला कळायचंच. दुसऱ्यांदा भात मागणाऱ्या साहेबाला काहीही सांगता येतं, असा त्यांचा अनुभव. साहेबांनी तिसऱ्यांदा मागितला, ढेकर दिली आणि त्यांच्या घरातल्याही खिडक्या उघडायला लावल्या.

शिपाईमामांना मतभेद हा प्रकारच ठाऊक नाही. "व्हय सायेब" म्हणत ते रोज खिडक्या सताड उघडत. साहेबांच्या पाठीमागची जरा जास्तच. जुलैत फायलींना बुरशी धरली, रजिस्टरची पानं एकमेकांना सोडेनात. कुणी काही बोललं नाही. मग एका सकाळी साहेबांच्या चामडी बॅगेवर हिरवट मखमल चढलेली दिसली. मामा ती फडक्यानं पुसत म्हणाले, "हवा झकास खेळतीया, सायेब."

दुपारीच परिपत्रक निघालं: 'खिडक्या बंद ठेवणेबाबत वारंवार तोंडी सूचना देऊनही कर्मचारी दुर्लक्ष करीत असल्याचे निदर्शनास आले आहे.' खाली सगळ्यांनी सह्या करायच्या. मामांनी सगळ्यांच्या आधी सही ठोकली, खिडक्या धाडधाड लावल्या आणि अदबीनं विचारलं, "गुदमरतंय सायेब, पंखा लावू काय?"