ग्रिडमध्ये लिस्ट कशी अडकवावी: नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

पूर्वतयारी: एक लॅपटॉप, त्यात फ्लटर, आणि किराणा दुकानाचं ॲप मागणारा क्लायंट. होम स्क्रीनवर त्याला डाळी, मसाले, पिठं, तेलं असे चौकोन हवेत आणि प्रत्येक चौकोनात त्या-त्या मालाची यादी. "सोपं आहे," असं म्हणून ॲडव्हान्स घ्या.

पायरी १. बाहेर ग्रिडव्ह्यू ठेवा. प्रत्येक चौकोनात एक कॉलम. त्यात वर 'मसाले' असं शीर्षक, खाली लिस्टव्ह्यू. ॲप चालवा. कन्सोलमध्ये 'व्हर्टिकल व्ह्यूपोर्ट वॉज गिव्हन अनबाउंडेड हाइट' असा एरर येईल. तो वाचू नका. वाचलात तर कळेल, की ग्रिडने चौकोनाला नेमकी उंची दिली होती. कॉलमने मात्र यादीला 'हवी तेवढी घे' असं सांगून टाकलं. लिस्टव्ह्यू जात्याच मिळेल तेवढी उंची व्यापणारा. अमर्याद जागा तो व्यापणार कशी? यादी एक्सपांडेडमध्ये गुंडाळली की हा एरर जातो. पण इतक्यात शहाणं व्हायची घाई नको.

पायरी २. एरर कॉपी करून नेटवर शोधा आणि सापडेल ते पहिलं उत्तर चिकटवा: 'श्रिंकरॅप: ट्रू'. एरर गेला! आता यादी मालाएवढी उंच होते आणि चौकोनाबाहेर सांडते. खालच्या कडेला पिवळे-काळे पट्टे उमटतात. किती पिक्सेल बाहेर गेले, तेही त्यांवर छापलेलं असतं. घाबरू नका. हे पट्टे फक्त डीबग मोडमध्ये दिसतात. रिलीज बिल्डमध्ये पट्टे जातात, सांडलेला माल तसाच राहतो. क्लायंटला रिलीज बिल्डच पाठवा.

पायरी ३. चौकोन उंच करा. चाइल्ड-आस्पेक्ट-रेशो मुळात 1 असतो, म्हणजे रुंदी तेवढीच उंची. तो 0.8 करा, मग 0.7, मग 0.65. तुमच्या फोनवर पट्टे दिसेनासे झाले की थांबा. दुसऱ्याचा फोन हातात घेऊ नका. सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवणाऱ्या आजोबांना तर ॲप दाखवूच नका. सगळ्या चौकोनांची उंची सारखीच, त्यामुळे तीनच डाळी असलेल्या चौकोनात खाली मोकळं मैदान दिसेल. त्याला डिझाइनच्या भाषेत 'व्हाइट स्पेस' म्हणावं.

पायरी ४. आता नाइलाजाने एक्सपांडेड वापरा. यादी चौकोनाच्या आत सरकू लागेल. पण पानही उभं सरकतं आणि यादीही उभी सरकते. एका म्यानात दोन तलवारी. बोट चौकोनावर पडलं की यादीच हलते, आणि ती संपली तरी पान जागचं हलत नाही. पान सरकवायचं तर दोन चौकोनांमधल्या आठ पिक्सेलच्या फटीत बोट घालावं लागतं. मटेरियल डिझाइन बोटासाठी किमान 48 डीपी जागा ठेवायला सांगतं. ग्राहकांनी बोटं बारीक करावीत.

पायरी ५. आतल्या यादीला 'नेव्हर-स्क्रोलेबल-स्क्रोल-फिजिक्स' लावा. पान छान सरकेल. हळद, तिखट, धने, जिरे दिसतील. त्याखालचा गोडा मसाला कायमचा भूमिगत. त्याची विक्री का होत नाही, हा दुकानदाराचा प्रश्न.

पायरी ६. सगळंच एका सिंगल-चाइल्ड-स्क्रोलव्ह्यूमध्ये कोंबा आणि ग्रिडलाही श्रिंकरॅप लावा. आता दिसो न दिसो, प्रत्येक वस्तू एकदम बांधली जाते. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. पाचशे वस्तू आणि त्यांचे फोटो तेवढ्यात मावत नाहीत. पान उघडताना अडखळेल. "तुमचा फोन जुना झालाय," असं क्लायंटला नम्रपणे सांगा.

पायरी ७ (ऐच्छिक). आधीचं सगळं पुसा. एक कस्टम-स्क्रोलव्ह्यू घ्या. त्यात शीर्षकासाठी स्लिव्हर-टू-बॉक्स-ॲडॅप्टर, त्याखाली वस्तूंचा स्लिव्हर-ग्रिड, मग पुढचं शीर्षक, पुढचा ग्रिड. स्क्रोल एकच, आणि स्क्रीनवर व आसपास लागेल तेवढंच बांधलं जातं. अँड्रॉइडच्या रीसायकलरव्ह्यूत हेच काम ग्रिड-लेआउट-मॅनेजर करतो: शीर्षकाला सगळे रकाने द्या, वस्तूंना एकेक. आयफोनवर 2019 साली आयओएस 13 बरोबर आलेला कंपोझिशनल लेआउट याच कामाचा. रिॲक्ट नेटिव्ह तर स्क्रोलव्ह्यूमध्ये त्याच दिशेची फ्लॅटलिस्ट दिसली, की स्वतःहून ताकीद देतं. उभ्या पानात आडवी पट्टी मात्र खुशाल ठेवा. प्ले स्टोअर तेच करतं, कारण तिथे दिशा वेगळ्या असतात.

चौकोनच हवे असा क्लायंटचा हट्ट असेल, तर प्रत्येकात चार नावं आणि 'सर्व पाहा' हे बटण पुरे. पूर्ण यादी पुढच्या पानावर. एका पानाला उभा स्क्रोल एकच ठेवा. आणि एरर शेवटपर्यंत वाचा. फ्लटर बहुतेकदा उपायही तिथेच लिहून देतं.