न वाचता नापास

न वाचलेल्या पुस्तकावर मत ठोकून देणारे लोक पुष्कळ असतात. तसे लिहून देणारा समीक्षक मात्र विरळा. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी लंडनच्या 'द गार्डियन'चे कलासमीक्षक जोनाथन जोन्स यांनी तेही करून दाखवले. विनोदी कादंबऱ्या लिहिणारा टेरी प्रॅचेट हा काही थोर साहित्यिक नव्हे, असा त्यांनी निकाल दिला आणि त्याच लेखात सांगून टाकले, की आपण त्याची एकही कादंबरी वाचलेली नाही आणि वाचायचा विचारही नाही. दुकानात एक चाळली होती, गद्य सामान्य वाटले, बस्स. प्रॅचेटला जाऊन तेव्हा साडेपाच महिने झाले होते आणि त्याची शेवटची कादंबरी नुकतीच दुकानांत आली होती.

वाचक खवळले, आणि बरोबरच खवळले. आठवड्याभरात किती शिव्या पडल्या हा मुद्दा गौण आहे. समीक्षकाला पगार वाचण्याचा मिळतो. तेवढे एक काम त्याने केले नाही, तर त्याच्या मताला पानटपरीवरच्या मताहून जास्त किंमत का द्यायची? पुढे जोन्स यांनी 'स्मॉल गॉड्स' वाचली, न वाचता लिहिणे चुकीचे होते हे मान्य केले आणि तरी ही करमणूकच, असे म्हणून मूळ मत बरेचसे राखले. ते मत मला पटत नाही. पण ते वाचून दिलेले मत आहे, म्हणून त्याच्याशी भांडता येते.

हा आजार एकट्या जोन्स यांचा नाही. नव्वदच्या दशकात बीबीसीच्या चर्चेत कवी-समीक्षक टॉम पॉलिन यांनी तक्रार केली, की या माणसाला कादंबरीची प्रकरणेसुद्धा पाडता येत नाहीत. प्रॅचेटने ती शेरेबाजी पुढे आपल्याच पुस्तकांत छापली. एक्केचाळीस कादंबऱ्यांची 'डिस्कवर्ल्ड' मालिका, कोट्यवधी प्रती, ब्रिटनमधला नव्वदच्या दशकातला सर्वाधिक खपणारा लेखक. तरी बुकरच्या लघुयादीत त्याचे नाव कधी आले नाही. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाला २००१चे कार्नेगी पदक मिळाले. म्हणजे लहान मुलांना हसवले तर चालते, मोठ्यांना हसवले की दर्जा घसरतो!

आता पुस्तकच उघडून बघू. 'डिस्कवर्ल्ड'मधली 'मेन ॲट आर्म्स', १९९३. शहराचे नाव अँक-मॉर्पोर्क. डोंगरातून बुटके, ट्रोल, लांडगामाणसे पोटापाण्यासाठी या शहरात उतरली आहेत. बुटके आणि ट्रोल यांच्यात दंगली पेटतात. वरून हुकूम येतो, की पोलीस दलात या जमातींचीही भरती झाली पाहिजे. डेट्रायटस नावाचा ट्रोल शिपाई होतो. दगडाचा देह, अकलेने मठ्ठ, सगळ्या शहराच्या चेष्टेचा विषय. एकदा तो एका भयंकर थंड गोदामात कोंडला जातो आणि गारठ्यात त्याचे डोके भराभर चालू लागते. बर्फ धरलेल्या भिंतीवर तो अवघड गणित मांडत सुटतो. कारण ट्रोलचा मेंदू थंड डोंगरात चालण्यासाठीच घडलेला आहे, शहराच्या उष्म्यात तो मंदावतो. मग त्याचा जोडीदार कडी, जातीने बुटका, म्हणजे त्याचा पिढीजात वैरी, त्याला एक शिरस्त्राण बनवून देतो. त्यावर डोके गार ठेवणारा चावीचा पंखा.

हसू येते. आणि हसता हसता कळते, की परगावाहून आलेल्या ज्या माणसाला आपण 'ठोंब्या' म्हणून मोकळे होतो, त्याला या शहराची हवाच सोसलेली नसते. स्थलांतरितांवर इतके नेमके लिहिणाऱ्या किती 'गंभीर' कादंबऱ्या दाखवता येतील?

याच कादंबरीत पोलीस कप्तान व्हाइम्स आपल्या बुटांचा विचार करतो. पगार महिना अडतीस डॉलर. चांगल्या चामडी बुटांची किंमत पन्नास. म्हणून तो दहा डॉलरचे घेतो. एक-दोन हंगाम निघतात, मग तळाचा पुठ्ठा जातो आणि पाणी शिरते. पन्नासवाल्याचे पाय दहा वर्षांनीही कोरडे असतात. दहावाल्याचे तेवढ्या काळात शंभर डॉलर गेलेले असतात आणि पाय ओलेच. गरिबी महाग पडते, हे पावसाळ्यात स्वस्त चप्पल घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रॅचेट आणखी एक पाऊल पुढे जातो. त्या झिजलेल्या तळव्यांतून व्हाइम्सला रस्त्याचा दगड न् दगड ओळखता येतो; दाट धुक्याच्या रात्रीही आपण कोणत्या गल्लीत आहोत हे त्याला पायच सांगतात. 'अर्बन फँटसी' हा शिक्का मारणाऱ्यांनी त्यातले शहर असे पायांनी वाचावे.

वाचकांनी या बुटांचे काय केले? जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या खाद्यलेखक जॅक मन्रो यांनी आवाज उठवला, की सरकारी महागाई दरात सर्वांत स्वस्त मालाची, म्हणजे गरिबाच्या पिशवीची, दरवाढ दिसत नाही. आपल्या पर्यायी निर्देशांकाला त्यांनी व्हाइम्सच्या बुटांचे नाव दिले आणि प्रॅचेटच्या वारसांनी आनंदाने परवानगी दिली. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारी सांख्यिकी कार्यालयाने सर्वांत स्वस्त अशा तीस खाद्यवस्तूंचा वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वाढ एकूण खाद्यमहागाईएवढीच निघाली, पण पास्ता एका वर्षात पन्नास टक्क्यांनी महागलेला होता. विनोदी कादंबरीतला एक परिच्छेद आकडेवारीच्या वादात जाऊन उभा राहिला.

आणि हे वाचक आंधळे भक्तही नाहीत. 'द कलर ऑफ मॅजिक'पासून सुरुवात करू नका, ते कच्चे आहे, असे नव्या माणसाला तेच बजावतात. प्रॅचेटचा अल्झायमर बळावल्यानंतरच्या 'रेझिंग स्टीम'मध्ये पात्रे भाषणे देतात, विनोदाची धार गेली आहे, हे त्यांनी लेखक हयात असतानाच बोलून दाखवले. जीव लावून वाचलेल्या लेखकाबद्दल असे बोलायला धैर्य लागते. समीक्षा म्हणतात ती ही.

आपल्याकडे पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ मध्ये साहित्य अकादमी मिळाली, हे अकादमीला शोभले. पण जयंत नारळीकरांना ती मिळाली २०१४ मध्ये, आणि तीही आत्मचरित्राला. ज्या विज्ञानकथांनी मराठी पोरांच्या पिढ्या वाचायला लावल्या, त्यांना नाही. परीक्षकांनी आणि परीक्षणे लिहिणाऱ्यांनी याचा जाब एकदा तरी द्यावा.

पेंग्विनने २०२५ मध्ये प्रॅचेटची 'नाइट वॉच' आपल्या 'मॉडर्न क्लासिक्स' मालिकेत घेतली. कादंबरी २००२ची. तिथपर्यंत पोचायचे तर आधी 'गार्ड्स! गार्ड्स!' वाचा, मग 'मेन ॲट आर्म्स'. व्हाइम्स गटारात लोळणारा दारुडा होता हे आधी पाहिलेले असले, तरच 'नाइट वॉच'मध्ये तो ज्या बॅरिकेडवर उभा राहतो तिची किंमत कळते.